संथ इलेक्ट्रॉन

२५ जुलै २०२२, सोमवार

नायट्रोजनचा नवा सिलिंडर लावल्यावर ईसीडीची (इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टरची) बेसलाइन स्थिरावायला दुपार झाली. प्रयोगशाळेतली नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, सॅम्पलमध्ये सगळ्यात जास्त हेक्झेन आहे, मग आलेखावर त्याचा पीक का दिसत नाही?"

या प्रश्नातच सगळा ईसीडी आहे. आत निकेल-६३ चा पातळ थर असतो. त्याचे बीटा कण नायट्रोजनमधून इलेक्ट्रॉन उडवतात. टकरा घेत घेत ते मंदावतात आणि अखंड वाहत राहतात. हेक्झेन त्यांना शिवत नाही. लिंडेनसारखं क्लोरीनयुक्त कीटकनाशक आलं की मात्र प्रवाह घटतो. पकडलेला इलेक्ट्रॉन आता जड ऋण आयनावर असतो आणि तो आयन वाटेतच धन आयनाला भेटून विझतो. आम्ही मोजतो ती ही घट.

२६ जुलै

तिला आकडे मांडून दाखवले. कार्बन टेट्राक्लोराइडमधला एक कार्बन-क्लोरीन बंध तोडायला सुमारे ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. क्लोरीन अणूला इलेक्ट्रॉन मिळाला की ३.६ सुटतात. त्यामुळे जवळजवळ थांबलेला इलेक्ट्रॉनसुद्धा तो बंध तोडतो आणि क्लोराइड आयन मोकळा होतो. वेगवान इलेक्ट्रॉन उलट रेणूच्या हातीच लागत नाही. इतकी वर्षं झाली, पण मला हे अजून विलक्षण वाटतं.

क्लोरोफॉर्ममध्ये एकच क्लोरीन कमी, तर पकडण्याचा वेग शंभरेक पटींनी घसरतो. मिथाइल क्लोराइडला संथ इलेक्ट्रॉन जवळपास चिकटतच नाही.

२७ जुलै, रात्री

जेम्स लवलॉक गेले. काल, १०३ व्या वाढदिवशीच. सगळे त्यांच्या 'गाया' सिद्धांताबद्दल लिहितील. माझ्यासाठी ते १९५७ साली लंडनच्या मिल हिलमध्ये हा डिटेक्टर घडवणारे गृहस्थ.

२८ जुलै

दिव्यांची अवस. घरी दिवे घासून झाल्यावर लवलॉक यांच्या सफरीबद्दल पुन्हा वाचलं.

१९७१-७२ मध्ये 'शॅकल्टन' जहाजावर ईसीडी घेऊन ते ब्रिटनहून अंटार्क्टिकाच्या दिशेने निघाले. वाटेत सगळीकडच्या हवेत सीएफसी-११ हा क्लोरोफ्लुओरोकार्बन वायू सापडला. एक लाख कोटी रेणूंमागे शंभरही नाहीत इतके रेणू! त्याच्यात तीन क्लोरीन, म्हणून तो दिसला. दोन क्लोरीनचा सीएफसी-१२ इलेक्ट्रॉन पकडण्यात कितीतरी मंद.

१९७३ च्या निबंधात लवलॉक यांनी या वायूंपासून धोका संभवत नाही असंही लिहिलं. ते चुकलं, पण मोजमाप चोख होतं. त्याची माहिती ऐकून शेरवुड रोलंड यांना प्रश्न पडला, हे वायू शेवटी जातात कुठे? १९७४ मध्ये त्यांनी आणि मारिओ मोलिना यांनी उत्तर दिलं: वर स्ट्रॅटोस्फिअरमध्ये. तिथे अतिनील किरण तोच कार्बन-क्लोरीन बंध तोडतात आणि सुटा क्लोरीन ओझोन संपवतो. एकच बंध, इथे इलेक्ट्रॉनने तुटतो, तिथे प्रकाशाने. मला दोन्ही गोष्टी एकत्रच शिकवाव्याशा वाटतात.

३० जुलै, शनिवार

आज तिचा पुढचा प्रश्न: "इलेक्ट्रॉन घेतलेला प्रत्येक रेणू तुटतोच का?" नाही. हेक्झाफ्लुओरोबेंझिन तो अख्खा सांभाळतं. तापमान चढलं की सोडून देतं, आणि पीक खुजा होतो. क्लोरोबेंझिनचं उलट. त्याला तुटण्याआधी एक अडथळा ओलांडावा लागतो, म्हणून उष्णतेने त्याचा पीक वाढतो. सोमवारी डिटेक्टर २५० वरून ३५० अंशांवर नेऊन दोन्ही स्टँडर्ड तिच्याच हाताने इंजेक्ट करायला देणार आहे.