हायब्रीड गाडी आणि वडिलांचे इंजिन

वाचकहो, हायब्रीड म्हटले की आपल्या पिढीला आधी ज्वारी आठवते. पण यंदा हा शब्द आमच्या घरात निराळ्याच वाटेने आला आणि चार दिवस घरातल्या कोणाला अन्न गोड लागले नाही. तुमच्याही घरी अशी वेळ येऊ शकते, म्हणून हे लिहितो आहे.

आमचे गाव सोनिवली, बदलापुराला लागून. एके काळी पावसाळ्यात भात आणि मागून त्याच शेतात वाल, एवढाच आमचा संसार. आता इमारती बांधापर्यंत आल्या आहेत. माझ्या थोरल्या भावाच्या वाटणीचा एक तुकडा रस्त्यात गेला. भाऊ आज हयात नाहीत. मोबदल्याचे पैसे वहिनींच्या खात्यावर आले. पुतणीची नर्सिंगची फी भरायची आणि उरलेल्या जमिनीला कुंपण घालायचे, असे वहिनींनी मनाशी धरले होते. पुतण्याच्या मनात मात्र मोटार होती.

त्याने जुन्या बाजारातली २०१५ सालची एक डिझेल गाडी पाहून ठेवली होती. मागच्या बाजूला हायब्रीडची पट्टी. दलालाने त्याला सांगितले होते, "डिझेलचे ॲव्हरेज आणि वर विजेची जोड. अशी गाडी पुन्हा मिळायची नाही." शिवाय आपल्या जुन्या पिकअपला सुपरचार्जर बसवून घेतला की ती घाटात उडेल, असेही कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवले होते.

वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही इंजिनात आयुष्य घालवलंत. तुम्हीच सांगा."

मी पुतण्याला एवढेच विचारले, "अरे, पुन्हा मिळायची नाही हे खरं. पण इतकी चांगली असेल तर मिळत का नाही?"

उत्तरासाठी मी त्याला पडवीत नेले. तिथे वडिलांचे ऑइल इंजिन आजही आहे. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांनी १९४६ साली ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. त्यांच्या इंजिनांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी मोटा सोडवल्या. आमचेही त्यांपैकीच. वाल्व्ह उचलून धरायचा, हँडल मारायचे, चाकाने वेग घेतला की वाल्व्ह सोडायचा. ज्याने हँडल मारले आहे, त्याला डिझेलचा स्वभाव सांगावा लागत नाही. त्यात ठिणगीचा प्लग नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि डिझेल आपोआप पेटते. एवढा दाब सोसायचा म्हणून सगळे अंग जाडजूड, आणि म्हणून किंमतही जास्त.

आता विजेच्या जोडीचे पाहू. पेट्रोलच्या इंजिनात वेग कमी करायचा तर हवेची वाटच अर्धी बंद करतात. तोंडावर फडके धरून धावायला लावावे तसे ते होते. म्हणून शहरात हळू चालताना ते तेल फुकट जाळते. तिथे विजेची मोटर मदतीला आली की मोठी बचत होते. डिझेल इंजिनात हवेची वाट उघडीच असते, कमीजास्त होते ते फक्त तेल. म्हणजे ते हळू चालतानाही मुळात काटकसरी असते. जिथे गळतीच थोडी, तिथे बूच मारून किती पाणी वाचणार?

खर्च मात्र दुहेरी. इंजिन आधीच महाग, त्यावर मोटर, बॅटरी आणि त्यांचे वजन. हायब्रीडमध्ये इंजिन सारखे बंद आणि चालू करावे लागते. डिझेलला फिरवून चालू करायला जोर जास्त लागतो आणि हादरेही जास्त बसतात. शिवाय नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवायची गाळणी असते. ती साफ व्हायला धूर चांगला गरम लागतो. इंजिन मधेमधे थांबले की धूर थंड पडतो.

पुतण्या म्हणाला, "काका, पण कंपन्यांनी गाड्या काढल्याच ना?"

काढल्या. युरोपात प्यूजोने २०११ साली पूर्ण डिझेल हायब्रीड मोटार आणली, पाठोपाठ व्होल्वोनेही आणली. त्या फार पसरल्या नाहीत. २०१५ साली फोक्सवॅगनने धुराच्या चाचणीत केलेली लबाडी उघडकीला आली आणि तिकडे डिझेलवरचा लोकांचा विश्वासच उडू लागला. आपल्याकडे मारुतीने २०१५ मध्ये सियाझ आणि अर्टिगा या डिझेल गाड्यांना छोटी विजेची जोड दिली. ती मोटर एकटी गाडी ओढत नाही, इंजिनाला थोडा हात देते एवढेच. त्या गाड्यांची सरकारी सवलत २०१७ साली गेली. एप्रिल २०२० मध्ये धुराचे कडक नियम आले आणि मारुतीने डिझेल इंजिनच बंद केले. मोठ्या, महागड्या गाड्यांत थोडी विजेची जोड दिलेले डिझेल इंजिन अजून मिळते, पण ते आपल्या खिशाचे नव्हे.

मग आम्ही वहीत हिशेब मांडला. साध्या डिझेल सियाझचे चाचणीतले ॲव्हरेज लिटरला २६.२१ किलोमीटर, हायब्रीडचे २८.०९. वर्षाला दहा हजार किलोमीटर गाडी फिरली तर पहिलीला ३८१ लिटर आणि दुसरीला ३५६ लिटर डिझेल लागेल. फरक पंचवीस लिटरांचा. लिटरला नव्वद रुपये धरले तरी वर्षाला सव्वादोन हजार रुपये. त्यासाठी दलाल साध्या गाडीपेक्षा चाळीस हजार जास्त मागत होता! शिवाय २०१५ च्या गाडीची नोंदणी २०३० ला पुन्हा करून घ्यायची.

सुपरचार्जरचे कोडे त्याहून सोपे. इंजिनात जास्त हवा कोंबली तर जास्त तेल जाळता येते. हवा कोंबायचे दोन मार्ग. सुपरचार्जर पट्ट्यावर चालतो, म्हणजे ज्या बैलाने गाडी ओढायची त्याच्याच खांद्यावर पंख्याचा भार. टर्बो चालतो तो बाहेर टाकलेल्या धुराच्या जोरावर. ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराने १९०५ साली नोंदवली. फुकट जाणारा जोर कामाला लागतो, म्हणून डिझेलने टर्बोशीच लग्न लावले. सुरुवातीला टर्बो उशिरा जोर धरत असे. पुढे त्यात हलत्या पात्या आल्या. डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा थंड, त्यामुळे त्या पात्या टिकतात. मग पट्ट्याच्या पंख्याला कामच उरले नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३८ पासून दोन स्ट्रोकची डिझेल इंजिने काढली, त्यांना असा पंखा असे. पण त्या इंजिनांना स्वतः हवा ओढता येत नाही, म्हणून तो लागे.

पुतण्याने शेवटचा डाव टाकला, "मग रेल्वेचं डिझेल इंजिन विजेवर कसं चालतं?"

प्रश्न चांगला होता. आपला कल्याण-पुणे मार्ग १९२९ पासून विजेचा, पण कोकण रेल्वेवर वर्षानुवर्षे डिझेलच धावले. १९६० नंतर देशभर पसरलेले ते जुने इंजिन २६०० अश्वशक्तीचे. एवढा जोर गिअरच्या दात्यांवरून चाकांना देणे अवघड, म्हणून डिझेलने वीज करायची आणि विजेने चाके फिरवायची. त्यात साठवणीची मोठी बॅटरी नाही. ती तेल वाचवायची युक्ती नव्हे, गिअरची अडचण टाळायची आहे. आणि त्यालाही टर्बोच होता.

पुतण्या बराच वेळ वडिलांच्या इंजिनाच्या चाकावर हात ठेवून उभा होता. मग म्हणाला, "आई, ताईची फी आधी भरू." वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. वरच्या तुकड्याला कुंपण झाले. पिकअप आहे तशीच आहे, फक्त तिचे इंजेक्टर आणि हवेची गाळणी साफ करून घेतली. चढावर ती पुन्हा बरी ओढते.

वाचकहो, नव्या यंत्राला माझा विरोध नाही. ऑइल इंजिन आले तेव्हा तेही नवेच होते. पण जमिनीचे पैसे एकदाच येतात. कोणी म्हणाले की ही वस्तू दुर्मिळ आहे, तर पाकिटाला हात घालण्याआधी ती दुर्मिळ का झाली, एवढे विचारा. आणि वही-पेन्सिल जवळ ठेवा.