कोड (आणि कौतुक)

मराठीत 'कोड' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे कोडकौतुकातलं कोड. लाड, हौस वगैरे. दुसरा अर्थ मात्र आपल्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नाही. "तिला डाग आहेत", "त्यांच्याकडे ते आहे"... आणि 'ते' म्हणजे काय ते समोरच्याला बरोबर कळतं! मला 'ते' वयाच्या चौदाव्या वर्षापासून आहे. आता पन्नाशी उलटली. हातांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर, थोडं ओठांच्या कडेला. जवळच्यांना माहीतच आहे, पण त्यावर कधी लिहिलं नव्हतं. तसं कारणच पडलं नव्हतं.

आता पडलं. गणपती झाले आणि भाचीचा फोन आला. तिच्या लेकीच्या (इयत्ता सहावी) डाव्या पापणीवर पांढरा ठिपका दिसला होता आणि गुडघ्यावर एक. डॉक्टरांच्या आधी घरातल्या मोठ्यांची बैठक बसली. निर्णय काय, तर "सध्या कुणाला सांगू नका, मुलीची जात आहे. वर्षभर बघू, जाईल आपोआप." भाचीनं मला गुपचूप फोन केला होता. रडत होती. म्हणाली, "मावशी, आमचं काय चुकलं गं?"

हा प्रश्न मी ओळखते. माझ्या आईनं तो आयुष्यभर वागवला. तिला लोकांनी दिलेल्या उत्तरांची यादी मोठी आहे: माशांवर दूध प्यायली असेल, रात्री दही खाल्लं असेल, दिवस असताना ग्रहण पाळलं नसेल, मागच्या जन्मी साप मारला असेल... यातल्या बहुतेक गोष्टी फिरून आईच्याच माथी येतात, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. (आम्ही शाकाहारी. तरी माशांची चौकशी व्हायचीच.)

तर कारण काय? आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, मेलॅनोसाइट नावाच्या. आपल्या शरीराची संरक्षण करणारी फौज चुकून या पेशींनाच शत्रू समजते आणि मारते. जिथे त्या मेल्या तिथे रंग नाही, म्हणून पांढरा डाग. थायरॉइडच्या बऱ्याच तक्रारी अशाच फौजेच्या गोंधळातून होतात आणि दोन्ही एकाच माणसात असणं नवलाचं नाही. म्हणून कोड दिसलं की डॉक्टर थायरॉइडची तपासणी सांगतात. जगात साधारण ०.५ ते २ टक्के लोकांना कोड आहे आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना ते विशीच्या आत सुरू होतं. दही, लिंबू, मासे यांचा काहीही संबंध नाही.

"पण तुझ्याकडून तिच्याकडे आलं ना?" हेही एका आजींनी विचारलंच. त्याचं प्रामाणिक उत्तर असं की आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण पूर्ण नाही. हुबेहूब जुळ्यांमध्ये, म्हणजे जनुकं अगदी सारखी असताना, एकाला कोड असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास सापडलं आहे. म्हणजे बहुतेक वेळा दुसरं जुळं कोरडंच राहतं! कोड असलेल्या बहुतेकांच्या घरात दुसऱ्या कुणाला ते नसतं.

दुसरी भीती नावामुळे. याला 'श्वेतकुष्ठ' म्हणून ठेवलंय आणि हिंदीत 'कोढ' म्हणजे महारोग. महारोग जंतूमुळे होतो, त्यात चट्ट्यावरची संवेदना जाते (आणि तोही आता औषधांनी पूर्ण बरा होतो). कोडाच्या डागाला चिमटा काढा, व्यवस्थित कळतं. कोड जंतूंमुळे होत नाही, त्यामुळे ते लागत नाही. हात धरल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही, टॉवेलानंही नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या बायकांसाठी सांगण्यासारखी. कपाळावर टिकली लावतो तिथेच गोल पांढरा डाग पडलेला तुम्ही कुणाचा तरी पाहिला असेल. काही टिकल्यांच्या गोंदातली रसायनं रंगाच्या पेशींना मारतात. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली आणि केसांच्या कलपानंही असं होऊ शकतं. अशा वेळी ती वस्तू ताबडतोब बंद करायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. आणि ज्यांना कोड आहे त्यांच्या अंगावर जिथे खरचटतं, घासतं, कमरेची नाडी करकचून बसते, तिथे नवा डाग उठू शकतो. डाग निघावा म्हणून खसाखसा घासणारे लोक मी पाहिलेत, म्हणून सांगते.

आता उपचार. माझ्या लहानपणी बावची होती. बियांचा लेप लावायचा आणि उन्हात बसायचं. आजोबांनी घड्याळ लावून बसवलं होतं मला आणि दुसऱ्या दिवशी पायावर टरारून फोड आले. गंमत म्हणजे बावचीत खरोखर सोरालेन नावाचं द्रव्य असतं, जे कातडीवर उन्हाचा परिणाम वाढवतं. इजिप्तमध्ये याच जातीचं द्रव्य एका वनस्पतीतून वेगळं काढून १९४०च्या दशकात कोडावर वापरलं गेलं आणि पुढे त्यातूनच प्रकाशोपचार उभा राहिला. म्हणजे जुनी माणसं अगदीच अंधारात नव्हती. पण घरच्या लेपात मात्रा किती आणि ऊन किती, हे कोण ठरवणार? म्हणून आता घरी ते करू नये.

आता नॅरोबँड यूव्हीबी नावाचा प्रकाश देतात, ३११ नॅनोमीटरचा. आठवड्यातून दोन-तीनदा दवाखान्यात जाऊन काही मिनिटं उभं राहायचं. फरक दिसायला तीनेक महिने, पूर्ण फायदा कळायला वर्षसुद्धा. सोबत लावायची मलमं, स्टेरॉइडची किंवा टॅक्रोलिमसची. चेहरा आणि पापणीसारख्या नाजूक जागी टॅक्रोलिमस बरं. डाग झपाट्यानं पसरत असतील तर थांबवायला काही काळ पोटातून गोळ्या. वर्षभर नवा डाग नसेल तर चांगल्या जागेवरच्या पेशी डागावर रोवण्याची शस्त्रक्रियाही होते. आणि जुलै २०२२मध्ये अमेरिकेत रक्सोलिटिनिब हे मलम खास कोडासाठी मंजूर झालं, १२ वर्षांवरच्यांसाठी. चाचण्यांत सहा महिन्यांत साधारण ३० टक्के लोकांच्या चेहऱ्यावरचा तीन चतुर्थांश रंग परत आला. म्हणजे जादू नाही, पण ज्यांनी बावचीचे फोड सोसलेत त्यांना त्याचं अप्रूप कळेल.

आणि आता मुद्द्याची गोष्ट, जी मला त्या बैठकीतल्या सगळ्यांना सांगायची आहे. रंग परत येतो तो बहुतेक केसांच्या मुळांतून. तिथे रंगाच्या पेशींचा साठा असतो. डागावरचे केस काळे आहेत तोवर आशा चांगली. डाग जुना झाला, केसही पांढरे झाले की साठा संपला. म्हणूनच चेहऱ्यावर रंग लवकर येतो आणि बोटांच्या टोकांवर, ओठांवर (जिथे केसच नाहीत) फार कमी. म्हणजे "वर्षभर बघू" यातलं वर्ष हेच सगळ्यात मोलाचं वर्ष असतं. ते आपण 'कुणाला कळू नये' म्हणून घालवतो आणि मग म्हणतो, याला औषध नाही.

माझ्या बाबतीत बावचीनंतर बरीच वर्षं फक्त लांब बाह्या होत्या, मे महिन्यातसुद्धा. २००५च्या सुमारास मी प्रकाशोपचार घेतले. चेहऱ्यावरचा रंग बराचसा आला, हातांचा नाही. दीड वर्षानंतर मी विचार केला की आठवड्यातल्या त्या दोन संध्याकाळी मला दुसऱ्या कामांना हव्यात, आणि थांबले. तो निर्णय माझा होता आणि मला तो पटतो. उपचार घेणं हा हक्क आहे, सक्ती नाही. डाग ठेवून जगणारी माणसं 'हरलेली' नसतात. फक्त डागांना ऊन चटकन भाजतं, म्हणून सनस्क्रीन आणि ओढणी.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली 'श्वेता असोसिएशन' हे सगळं मोकळेपणानं बोलण्यासाठीच आहे. आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' (२००६) तुम्ही पाहिला नसेल तर जरूर पाहा. कोड असलेली मुलगी लग्नाच्या घरात पाऊल टाकते तेव्हा काय काय होतं ते त्यात आहे. लग्नाचं म्हणाल तर माझ्या यजमानांना मी पहिल्याच भेटीत हात दाखवले होते. ते म्हणाले, "दुखतं का?" बाकी चर्चा नातेवाइकांनी केली!

भाची पुढच्याच आठवड्यात लेकीला त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन गेली. अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्प लावला की डाग निळसर पांढरा चमकतो, ते पाहून पोरगी घाबरायच्या ऐवजी खूश झाली. थायरॉइड ठीक आहे. मलम सुरू झालं. परवा तिनं मला फोटो पाठवला, पापणीवरच्या डागात तिळाएवढे दोन तपकिरी ठिपके. "मावशीआजी, हे चांगलं की वाईट?" चांगलं गं बाई, फार चांगलं! गुडघ्यावरचा डाग अजून तसाच आहे. तो जाईल की नाही, आणखी येतील की नाही, हे कुणी सांगू शकत नाही, आणि तिला तसं खरं सांगितलंय. (हे सगळं तिला विचारूनच लिहितेय.)

दिवाळीला आपण सगळे भेटणार आहोत. घरच्या मंडळींना एवढीच विनंती: तिच्यासमोर कुजबुज नको, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवणं नको, आणि कुणाच्या कुणी सांगितलेला लेप तर अजिबात नको. तिच्या आईला पथ्य विचारू नका. पोरीला शाळेच्या खो-खोच्या टीमबद्दल विचारा, तासभर बोलेल.

आणि इथे नेहमी येणाऱ्यांनो, तुमच्या माहितीत कुणाच्या घरात नवा डाग दिसला असेल आणि "सध्या सांगू नका" चाललं असेल, तर त्यांना म्हणावं, नातेवाइकांना नंतर सांगा हवं तर, पण डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा.