टर्बो कोणता घ्यायचा?

माझ्या मामेभावाला टर्बो बसवायचाय. राहतो धानोऱ्याला, नंदुरबार जिल्ह्यात. रस्त्याला लागून त्याचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, पिकअप, क्रूझर ही नेहमीची गिऱ्हाइकं. मधे कुणीतरी एक जुनी १.६ लिटरची पेट्रोल गाडी त्याला कवडीमोलानं विकून गेला, आणि तेव्हापासून साहेबांच्या डोक्यात रेसिंगचा किडा वळवळतोय. नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र बघून आल्यावर तर विचारूच नका.

दोन वर्षांची शिल्लक आहे त्याच्याकडे. मामा म्हणतात, त्या पैशात गॅरेजला हायड्रॉलिक लिफ्ट घे, धंदा वाढेल. मामांचं चूक नाहीच. पण पोरगा सव्वीस वर्षांचा आहे. मग मला फोन. "दादा, तू इंजिनिअर ना? सांग, कोणता टर्बो घेऊ?"

मी इंजिनिअर आहे खरा, पण सॉफ्टवेअरचा. तरी तीन वीकेंड या प्रकरणात घातले आणि भलतीच मजा आली. ज्यांच्या डोक्यात असाच किडा आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी कायदा, कारण पुष्कळ जण तिथंच अडकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्यानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हे ठणकावून सांगितलं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल, ते वेगळं सांगायला नको. म्हणजे एमएच-३९ ची पाटी लावून ही गाडी नंदुरबारच्या बाजारात मिरवायची नाही. ती पिकअपवर चढून जाणार, बंद मैदानात मातीतली ऑटोक्रॉस पळणार आणि पिकअपवरूनच परत येणार. भावानं हे मान्य केलं तेव्हाच पुढं गेलो.

दुसरं म्हणजे स्पर्धेचं नियमपुस्तक. एफआयएच्या नियमांत टर्बो असलेल्या पेट्रोल इंजिनाचं आकारमान १.७ नं गुणतात. तसा हिशोब लागला तर आपलं १६०० सीसीचं इंजिन २७२० सीसीचं धरलं जाणार आणि थेट मोठ्यांच्या गटात जाणार! जिथं पळायचंय तिथल्या आयोजकांचा नियम वाचल्याशिवाय एक बोल्टही घेऊ नये.

आता टर्बो. कल्पना जुनीच. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूकीनं १९०५ मध्ये पेटंट घेतलं. इंजिनातून वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवायचं, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. बस्स, एवढंच. दांडा मात्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो.

भावापुढं दोन पर्याय होते. एक गॅरेटचा जीटी २८६०आरएस. जगभरचे गाडीवेडे याला लाडानं 'डिस्को पोटॅटो' म्हणतात. ३६० हॉर्सपॉवरपर्यंत हवा पुरवतो. दुसरा केकेकेचा के०३, जुन्या ऑक्टाव्हिया आरएसमधून काढलेला. तीच ऑक्टाव्हिया, जी तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जुळवली जायची. तिच्या १.८ लिटर इंजिनाची ताकद १५० हॉर्सपॉवर. भावाचं मन अर्थातच ३६० वर. आकडा मोठा ना!

मग बसलो हिशोबाला. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा ओढतं. १.६ लिटर, ६५०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ५२०० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून ८५ टक्के धरू. उरले साधारण ४४०० लिटर. बूस्ट ०.६ बारच ठेवायचा, कारण इंजिनाचे पिस्टन मूळचेच आहेत. त्यात आपल्याकडचा मे महिना! ४३ अंशांची हवा एवढी दाबली की ती सहज १०५-११० अंशांवर जाते. चांगला इंटरकूलर लावून ती ६० पर्यंत उतरली असं समजू. वजन निघतं मिनिटाला सुमारे ७.४ किलो हवा. एका किलोला साधारण २०-२२ हॉर्सपॉवर, म्हणजे आपली गाडी दीडशे-एकशेसाठच्या घरात. ३५०० आरपीएमला हाच आकडा येतो ४ किलो.

आता प्रत्येक टर्बोचा एक नकाशा असतो, कॉम्प्रेसर मॅप. आडव्या अक्षावर हवेचं वजन, उभ्या अक्षावर दाबाचं गुणोत्तर. मधे कार्यक्षमतेची वर्तुळं, एखाद्या डोंगराच्या नकाशावर असतात तशी. डावीकडे सर्ज लाइन. तिच्या पलीकडे गेलं की हवा उलटी फिरते आणि चक्राला धक्के बसतात. उजव्या टोकाला चक्राचा दम संपतो, हवा नुसतीच तापते. या नकाशावर आपले ४ आणि ७.४ हे बिंदू मांडायचे.

डिस्को पोटॅटोचा नकाशा जातो १६ किलोच्या आसपास. म्हणजे आपली गाडी जन्मभर त्याच्या डाव्या अर्ध्यात रांगणार. उरलेल्या अर्ध्याचे पैसे फुकट. त्याचं मोठं चक्र फिरवायला धूरही भरपूर लागतो. १.६ लिटरच्या इंजिनात पूर्ण बूस्ट यायला चार-साडेचार हजार आरपीएम तरी उजाडणार. आमच्या ऑफिसात हे नेहमीचंच. वर्षातून एकदा येणाऱ्या दिवाळीच्या गर्दीसाठी अवाढव्य सर्व्हर घ्यायचा आणि बाकी वर्षभर तो माश्या मारत बसणार. :)

पण नुसत्या हिशोबावर भाऊ ऐकेना. मग त्याला म्हटलं, मोकळ्या शेतात कोन लाव, दहा चकरा मार आणि मीटरवर मोबाईल रोखून व्हिडिओ पाठव. दर सेकंदाचा आरपीएम वहीत उतरवला आणि आलेख काढला. बहुतेक वेळ काटा तीन ते पाच हजारांत. सहा हजारांच्या वर निसटते क्षण. मातीत वळण संपलं की ताकद लगेच हवी असते, दोन सेकंदांनी आलेल्या ताकदीचं करायचं काय? आलेख बघून भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे के०३."

हो, के०३. वरच्या टोकाला त्याचा दम लागेल, ते चालेल. वाचलेले पैसे मोठे इंजेक्टर, ट्यून करता येणारा ईसीयू आणि एअर-फ्युएल मीटर यांत जातील. टर्बो बसवलेली इंजिनं बहुतेक वेळा कमी पेट्रोल आणि नॉकिंगनं मरतात. पिस्टन फुटला की टर्बो लहान होता का मोठा, कोण विचारतं!

जुना टर्बो घेताना काय बघायचं? दांडा बोटांनी हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालेल, पण पात्याची कड घराला घासल्याच्या खुणा नकोत. पुढे-मागे सरकता कामा नये. हवेच्या बाजूला तेल साचलेलं असेल तर सरळ परत ठेवा.

तेलाचा धडा मामांचा. त्यांनी सुरत-धुळे रस्त्यावर वर्षानुवर्षं ट्रक चालवला. कोंडाईबारीचा घाट चढून थांबले की इंजिन लगेच बंद करायचे नाहीत, दोन-तीन मिनिटं तसंच चालू ठेवायचे. कारण तापलेल्या दांड्याभोवतीचं तेल थांबलं की ते जागीच जळून कोळसा होतं. आणि टर्बोतून परत येणारं तेल फक्त उतारानं खाली येतं, म्हणून तो पाइप जाड आणि सरळ चेंबरकडे उतरता हवा. मामा म्हणतात, "टर्बो हवेवर नाही, तेलावर जगतो." मी वाचलेल्या सगळ्या पानांपेक्षा हे एक वाक्य भारी.

पुढच्या महिन्यात आम्ही कुर्ल्याच्या बाजारात जाणार आहोत. लिफ्ट या वर्षी तरी नाही. मामांनी अजून होकार दिलेला नाही. पण परवा फोनवर विचारत होते, "तेलाचा पाइप किती जाडीचा घेताय रे?"