उमऱ्याला कोणत्या महिन्यात जावे?

लग्नाची दावत असो की शाळेची स्टाफरूम, आम्ही उमरा करून आल्याचे कळले की लोक आधी दुआ केली का ते विचारतात आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "आम्हालाही जायचंय. कोणता महिना चांगला?"

हा प्रश्न आमच्या घरात फार जुना आहे. अब्बा पंधरा वर्षे तो सोडवत होते. उन्हाळ्यात मक्केत ऊन फार, रमजानमध्ये गर्दी फार, हिवाळ्यात शाळेला सुट्टी नाही. मग "पुढच्या साली बघू" असे म्हणून ते पासपोर्ट पुन्हा कपाटात ठेवायचे. २०२१ मध्ये अब्बा अल्लाहला प्यारे झाले. पासपोर्टची पाने कोरीच राहिली.

म्हणून २०२३ मध्ये अम्मीला न्यायचे ठरले, तेव्हा कागद-पेन घेऊन बसलो. अम्मीचे वय एकाहत्तर, गुडघे दुखरे, ब्लडप्रेशरची गोळी रोजची. पाहुण्यांपैकी एक जण म्हणाले, "मे महिन्यात जा. सोलापूरचा उन्हाळा काढणाऱ्याला मक्केचं काय?" म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. मे महिन्यात मक्केचे दुपारचे सरासरी तापमान ४२ अंशांच्या आसपास असते आणि आकडा आमच्याही ओळखीचा आहे. पण सोलापुरात दुपारी बारा ते चार आपण दार लावून घरात बसतो. तिथे जोहर आणि असरसाठी हॉटेलातून हरमपर्यंत चालत जायचे असते. शिवाय मक्का डोंगरांमध्ये वसलेली आहे. रात्रीसुद्धा दगड तापलेलेच असतात.

मग दोन कॅलेंडरे शेजारी ठेवली. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून रमजान आणि हज दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतात आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतात. दिवाळीही चंद्रावरच चालते. पण पंचांगात दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घालतात, त्यामुळे ती ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून जात नाही. महिना वाढवण्याची अशी चाल अरबांतही होती, ती इस्लामने बंद केली. २०२३ ला अधिक श्रावण आला होता, म्हणून लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. आमच्यासारख्या मास्तरांना हे फार सोयीचे पडले. कारण मक्केत ऑक्टोबरमध्येही पारा चाळीसला टेकतो. नोव्हेंबरमध्ये तो पस्तिसाच्या घरात येतो आणि डिसेंबर-जानेवारीत तीस-बत्तीसवर. म्हणजे दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात पडली की उन्हाळा आणि नोव्हेंबरात पडली की चांगली हवा!

डिसेंबरही मनात आला होता. पण तेव्हा अनेक देशांतल्या शाळांना सुट्ट्या असतात, विमानाचे भाडे चढते. रमजानमधल्या उमऱ्याचा सवाब हजइतका सांगितला आहे, त्या सवाबाची ओढ कोणाला नसते? पण त्या गर्दीत अम्मीचा हात आमच्या हातातून सुटला तर, या विचारानेच आम्ही थांबलो. शेवटी अम्मीच म्हणाली, "मौसम की फिकर नक्को करो, मेरे पाँवां की करो. चल रहे तब तक ले चलो."

रबीउल आखिर संपत आला असताना आम्ही निघालो. मक्केत मगरिब पावणेसहाच्या आत होत होती. त्यामुळे असरनंतर हरममध्ये जाऊन इशा करूनच परतायचे, असा क्रम लागला. मतआफची पांढरी फरशी उन्हातही थंड लागते, अम्मी तिच्यावर अनवाणी चालली. तवाफच्या सात फेऱ्या तिने थांबत थांबत पुऱ्या केल्या. सफा-मरवाच्या सात खेपा म्हणजे तीन किलोमीटरहून अधिक चालणे. छत आहे, एसी आहे, तरी चौथ्या खेपेनंतर गुडघ्यांनी नकार दिला. उरलेल्या तीन खेपा व्हीलचेअरवर झाल्या. अब्बांच्या नावाचा उमरा आम्ही तीन दिवसांनी वेगळा केला. तेव्हा अम्मी काबागृहासमोर बसून होती. जवळ गेलो तर फक्त म्हणाली, "तुमच्या अब्बांना ही फरशी आवडली असती."

आमची एक चूक सांगतो, तुम्ही करू नका. बॅग भरताना "अरबस्तानात कसली थंडी" म्हणून अम्मीची शाल आम्ही बाहेर काढून ठेवली. मक्केत काही वाटले नाही. पण मदिना शहर सुमारे साडेचारशे किलोमीटर उत्तरेला आणि मक्केहून उंचावर. पहाटे फज्रला निघालो तर गार वारा, आत मशिदीत एसी. दुसऱ्या दिवशी अम्मीला खोकला लागला. मस्जिदे नबवीच्या अंगणातल्या त्या प्रसिद्ध मोठ्या छत्र्या सकाळी उघडताना बघायच्या होत्या, तर त्या वेळी आम्ही बाजारात शाल शोधत होतो. जानेवारीत तर मदिनेची रात्र बारा अंशांपर्यंत उतरते.

पुढच्याच वर्षी, जून २०२४ मध्ये, हजच्या दिवसांत मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला आणि १३०१ हाजी मरण पावल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यातले बहुतेक परवान्याविना आलेले, सावली-निवाऱ्याविना उन्हात चाललेले होते. ती बातमी वाचून मे महिन्याचा सल्ला आठवला.

आता जो विचारील त्याला आम्ही तीन गोष्टी सांगतो. पहिली, हजची तारीख बघा. हजच्या आधी काही आठवडे उमऱ्याचे व्हिसा बंद होतात. २०२६ चा हज मे महिन्याच्या शेवटी आहे, म्हणजे उन्हाळी सुट्टीतला मे महिना हातातून गेला. दुसरी, मक्का आणि मदिना यांची हवा वेगळी आहे हे ध्यानात ठेवा. छत्री आणि शाल दोन्ही घ्या. तिसरी, सोबत कोण येणार त्याच्या तब्येतीनुसार महिना ठरवा. तरुण जोडप्याला सप्टेंबरचे ऊन चालेल, म्हाताऱ्या आईला चालणार नाही.

नोकरदारांसाठी एक खूशखबर. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते. इन्शाअल्लाह, हवा चांगली असेल. आणि सगळे जुळून येणारा महिना सापडलाच नाही, तर त्यातल्या त्यात बरा महिना निवडा, पण तारीख नक्की करा. अब्बांचा कोरा पासपोर्ट अजून आमच्या कपाटात आहे.