रात्रभर उघड्या खिडक्या

जगभरातली माणसं जी बिअर प्यायला ब्रसेल्सला येतात, ती जिथं बनते ती इमारत बाहेरून अगदी आपल्या नागपूरच्या इतवारीतल्या जुन्या धान्याच्या वखारीसारखी आहे. अँडरलेख्त भागातली साधीशी गल्ली, विटांची भिंत, मोठा दरवाजा आणि वर नाव : काँतियों. आत पाऊल टाकलं मात्र, वासानंच मला धरून ठेवलं. ओलं लाकूड, शिजलेलं धान्य, जुनं तळघर आणि या सगळ्याच्या मागून येणारी हिरव्या सफरचंदाची आंबट झुळूक!

पॉल काँतियों यांनी १९०० मध्ये इथं व्यवसाय मांडला. लेमबेक गावच्या एका ब्रुअरीवाल्याचा हा मुलगा. सुरुवातीला ते दुसऱ्यांकडून लँबिक नावाची बिअर आणायचे, लाकडी पिंपांत मुरवायचे, जुनी-नवी एकमेकांत मिसळायचे आणि बाटल्यांत भरून विकायचे. पुढं मुलं हाताशी आली, एका बंद ब्रुअरीची यंत्रं विकत मिळाली आणि १९३८ मध्ये घरचा पहिला घाणा शिजला. तीच यंत्रं अजून चालतात! तांब्याची भांडी, बिडाची चाकं, वर छताजवळून धावणारे पट्टे. एखादी जुनी जिनिंग मिल कुणी पुसूनपासून चालू ठेवावी, तसं.

धान्य दोनच : दोन भाग मोड आणून वाळवलेलं जव आणि एक भाग कच्चा गहू. त्यात हॉप्सची फुलं, तीही ताजी नव्हेत, तर दोन-तीन वर्षं जुनी. कडूपणा उडून गेलेला असतो, पण बिअर टिकवण्याचा गुण शाबूत असतो. सगळं तासन् तास उकळतं.

आणि मग मी माळ्यावर गेलो.

काय दृश्य ते! उतरत्या कवेलूंच्या छपराखाली खोलीभर पसरलेलं एक तांब्याचं ताट. उथळ, लालसर, प्रचंड. साडेसात हजार लिटर रस मावेल एवढं! उकळता रस यात ओततात, भिंतीतल्या झडपा उघडतात आणि माणसं खाली निघून जातात. बस्स. कुणी यीस्ट घालत नाही. आपण दुधाला विरजण लावतो, इथं विरजणच नाही! रात्रभर सेन नदीच्या खोऱ्याची गार हवा आत येते, वाफ छपरातून बाहेर जाते, आणि हवेतले, तुळयांवरचे, भिंतींवरचे अदृश्य जीव त्या रसात उतरतात. त्यातल्या एका यीस्टच्या शास्त्रीय नावातच ब्रसेल्स आहे. मी त्या काळवंडलेल्या तुळयांकडे मान वर करून बघतोय, आणि मनात येतंय, खरे कारागीर तर हे वर बसलेत!

म्हणूनच इथं जाळी झाडत नाहीत. हो, कोळ्यांची जाळी! पिंपांवर, कोपऱ्यांत, तुळयांवर करड्या झालरी लोंबतात. फळांच्या नि साखरेच्या वासानं येणाऱ्या माश्या कोळी टिपतात, फवारणी लागत नाही. दिवाळीआधी घरातलं जाळं न् जाळं काढणाऱ्या आपल्या मराठी माणसाचा हात शिवशिवतो, पण इथं कोळ्यांना अभय आहे.

खाली पिंपांच्या रांगाच रांगा. कधीकाळी ज्यांत वाइन होती, अशी ओकची पिंपं. पहिल्या दिवसांत त्यांच्या तोंडातून पांढरा फेस उसळतो, मग ती शांत होतात आणि रस वर्षानुवर्षं मुरतो. एक, दोन नि तीन वर्षांचं लँबिक मिसळलं की ग्यूझ होतं. तरुण रसात साखर उरलेली, म्हाताऱ्यात चव. बाटलीत दोघांची पुन्हा झटापट होते आणि बाहेरून वायू न भरता बुडबुडे येतात. पेला हातात येतो. सोनेरी रंग, बारीक फेस. पहिला घोट आणि जबडा आवळतो! आंबट, कोरडं, किंचित चिंचेसारखं. दुसऱ्या घोटाला ते आवडायला लागतं. शेजारच्या पेल्यात आंबट चेरीत मुरलेली क्रीक, आपल्या कोकणातल्या कोकमसरबताच्या रंगाची.

या शहरात एके काळी शंभराहून अधिक ब्रुअऱ्या होत्या. लोकांना गोड, झटपट बिअर आवडू लागली नि एकेक बंद पडली. पॉल यांच्या नातजावयानं, जाँ-पिएर व्हान रॉय यांनी, जुनी पद्धत सोडली नाही. १९७८ मध्ये त्यांनी चालत्या ब्रुअरीचंच संग्रहालय केलं. आता त्यांचे चिरंजीव जाँ ती सांभाळतात. त्यांना साथ लागते ती थंडीची. साधारण ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल एवढाच हंगाम, कारण उबदार रात्री नको ते जीव रसात उतरतात. २०१५ च्या नोव्हेंबरात रात्री इतक्या उबदार होत्या की काम थांबवावं लागलं. मृगाच्या पावसासाठी आभाळाकडे बघणारा विदर्भातला शेतकरी मला तिथं फार आठवला.

आणि आठवली मोहफुलं. गडचिरोली-गोंदियाच्या रानात चैत्रात पहाटे वेचलेली ती मेणासारखी फुलं आदिवासी घरांतून भांड्यात भिजतात, तेव्हा त्यांनाही रानातलेच जीव आंबवतात. ब्रसेल्सनं अशा ज्ञानाला भिंती, तारखा आणि संस्थापकाचं नाव दिलं, वर माळ्यावरच्या धुळीलाही वारसा मानलं. आपल्याकडे ते ज्ञान हातभट्टीच्या गुन्ह्याखाली दडपलं गेलं. दारूनं मोडलेले संसार आणि त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाया मी विसरत नाही. पण मोह कसा वेचायचा, किती वाळवायचा, भांडं कधी तयार झालं हे वासावरून कसं ओळखायचं, हे जाणणाऱ्या माणसांचं म्हणणं नागपुरातल्या एखाद्या संग्रहालयानं त्यांच्या नावानिशी लिहून ठेवायलाच हवं. ते काम आत्ताच व्हायला हवं, ती माणसं आहेत तोवर.