पुडीत काय आहे?

गरोदरपणातल्या घरगुती औषधांना आम्ही डॉक्टर मंडळी सरसकट नाकं मुरडतो, ते मला पटत नाही. आल्याचंच बघा. सुरुवातीच्या महिन्यांतली मळमळ आल्याने कमी होते, हे चाचण्यांतून दिसलं आहे. दिवसाला साधारण १ ग्रॅम सुंठ, तीही दोन-चार वेळा विभागून, एवढी मात्रा पुरते. आळिवाची खीर बाळंतिणीची, पोटुशीची नव्हे, हा आपल्या आजीबाईंचा दंडकही शहाणपणाचा आहे. पिकल्या पपईची धास्ती मात्र विनाकारण. उंदरांवरच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावलं, पिकल्या फळाच्या रसाने नाही. केशराने बाळ गोरं होत नाही; दुधात चार काड्या आवडत असतील तर खुशाल घालाव्यात.

ज्येष्ठमधापाशी मी थबकते. सुश्रुतसंहितेत गर्भिणीच्या पहिल्या महिन्याच्या योगात तो आहे, त्यामुळे वैद्यमित्रांशी माझा याबाबत वाद होतो. त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरातल्या एका एन्झाइमला रोखतं. आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल बाळापर्यंत फार पोचू नये म्हणून वारेत जो पहारा असतो, तो याच एन्झाइमचा. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या चवीने खातात. तिथल्या २०१७च्या पाहणीत, गरोदरपणी आठवड्याला ५०० मिलिग्रॅमहून अधिक ग्लिसिरायझिन पोटात गेलेल्या आयांची मुलं बुद्धिमापनाच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. पाहणीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरं. तरी खोकल्यासाठी कांडी एखाददिवस चघळणं वेगळं आणि महिनाभर रोज चमचाभर चूर्ण घेणं वेगळं. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे, त्यांनी तर तो टाळावाच. ताण घालवायला ऑनलाइन मागवलेली अश्वगंधाही या नऊ महिन्यांत नको.

पण माझी खरी काळजी आहे ती नाव-गाव नसलेल्या पुडीची.

"काही औषध घेतेस का?" या प्रश्नाला "नाही मॅडम" असंच उत्तर येतं. "काढा, चूर्ण, कुणी दिलेलं काही?" असं विचारलं की मुलगी आधी सासूबाईंकडे बघते, मग पर्समधून वर्तमानपत्राच्या कागदातली पुडी निघते. करडी भुकटी, मधे एखादी न कुटलेली बी. "मुलगा होण्यासाठी आहे," हे सासूबाई सांगतात, तेही हलक्या आवाजात.

हरियाणात या प्रकाराचा नीट अभ्यास झाला आहे. शिवलिंगीच्या बिया आणि मायफळ यांसारखी द्रव्यं असलेली ही औषधं दुसऱ्या महिन्याच्या सुमाराला, गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधातून घेतली जातात. लिंग तर गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेलं असतं. या आठवड्यांत बाळाचं हृदय, मणका, हातपाय घडत असतात. नमुने तपासले तेव्हा त्यांत वनस्पतिज इस्ट्रोजेन सापडली, टेस्टोस्टेरॉनही सापडलं; आणि ही औषधं घेतलेल्या आयांच्या बाळांत जन्मजात व्यंगाचा धोका सुमारे तिप्पट आढळला. मुलगी नको म्हणून घेतलेल्या पुडीची किंमत ते बाळ आयुष्यभर मोजतं. मला याचा संताप येतो, आणि तो मी लपवत नाही.

दुसरा धोका शिशाचा. न्यूयॉर्क शहरात २०११-१२मध्ये सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं. सगळ्या भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. काही औषधं तर खास गर्भिणीसाठीच म्हणून विकली जाणारी! शिसं वारेतून थेट बाळात उतरतं. चव, वास, रंग यांवरून ते ओळखता येत नाही. त्यामुळे भस्म किंवा रसौषधी असलेलं काहीही शिकलेल्या वैद्याच्या चिठ्ठीशिवाय आणि लेबलाशिवाय घेऊ नये.

पुडी घेऊन झालीच असेल तर ती फेकू नका, आमच्याकडे आणा. कितव्या आठवड्यात, किती दिवस घेतली ते सांगा. रक्तातलं शिसं तपासता येतं, आणि १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाचे अवयव अधिक बारकाईने बघता येतात. मी सासूबाईंनाही आत बोलावते, खुर्ची देते आणि हे सगळं त्यांच्यासमोरच सांगते, कारण पुढची पुडी आणायची की नाही हे बहुतेक घरांत त्याच ठरवतात.