पोपटपंची

जयपूरहून अजमेरच्या वाटेवर तीसेक किलोमीटरवर बगरू लागते. छिपा कारागिरांचे हे गाव. लाकडी ठसा रंगात बुडवावा, कापडावर टेकवावा, मुठीने ठोकावा आणि उचलून पुढे न्यावा, हा येथील पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. एकच ठसा हजार वेळा उमटतो. तरीही त्या आवृत्तीला कोणी नक्कल म्हणत नाही, कला म्हणतात. गावाबाहेर, बाजरीच्या शेतांवर राव्यांचे थवे कलकलाट करीत उतरतात. ऐकलेले पुन्हा उच्चारण्याचे सामर्थ्य त्यांच्यातही आहे. मराठीने मात्र या सामर्थ्याला ‘पोपटपंची’ हे नाव देऊन ते अर्थशून्य घोकंपट्टीच्या पंक्तीस बसविले.

यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. दीर्घ कथात्मक वाङ्मयाला मराठीने जे नाव दिले, ते बाणभट्टाच्या सातव्या शतकातील ‘कादंबरी’चे. तिची कथा शूद्रक राजाच्या दरबारात सुरू होते आणि ती सांगतो वैशंपायन नावाचा पोपट. शाल्मली वृक्षाच्या ढोलीतील जन्म, आईचा मृत्यू, वृद्ध पित्याने केलेले संगोपन, आणि शबराने त्या पित्याची मान मुरगळली तेव्हा त्याच्याच पंखाखाली वाचलेला आपला जीव, हे सारे तो स्वतः निवेदन करतो. बाणाने पक्ष्याला वाणी दिली ती पाठांतरासाठी नव्हे, आत्मकथनासाठी.

पोपटाच्या वाणीचे पित्याशी आणि ढोलीशी असलेले नाते निव्वळ कविकल्पना नाही. व्हेनेझुएलाच्या गवताळ मैदानांत ‘फॉर्पस पॅसेरिनस’ हा जेमतेम पाच इंच लांबीचा हिरवा पोपट राहतो. नावातील दुसऱ्या पदाचा अर्थच चिमणीसारखा. मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवू लागते, त्यामुळे एकाच घरट्यात थोरल्या-धाकट्या पिल्लांच्या वयांत कित्येक दिवसांचे अंतर पडते; नर बाहेरून चारा आणून मादीला भरवितो. कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यांत ध्वनिमुद्रणाची योजना करून २०११ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येक पक्ष्याची स्वतःची एक साद असते, जणू नावच. काही घरट्यांतील अंडी त्यांनी परस्परांत बदलली. वाढलेल्या पिल्लांची साद जन्मदात्यांशी जुळली नाही, पालनकर्त्यांशी जुळली. म्हणजे ती रक्तातून आलेली नव्हती, शिकलेली होती. पिल्लांना स्वतःचा आवाज फुटण्यापूर्वीच ते आईबापांकडून ती ऐकत होते, आणि नंतर तिच्यात किंचित फरक करून ती आपलीशी करीत होते.

बगरूचा कारागीरही ठसा बापाकडून घेतो; हाताचा दाब मात्र त्याचा स्वतःचा असतो.

या दृष्टीने पाहिले की पिंजऱ्यातील बोलका राघू निराळा भासू लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पकडणे, विकणे व बाळगणे हा गुन्हा आहे. तरीही ढोलीतून पिल्ले काढली जातात आणि बाजारात पोहोचतात. ज्या वयात त्याने थव्याची साद आत्मसात करायची, त्या वयात त्याच्या कानी माणसांचा आवाज पडतो. तो तोच शिकतो. शिकण्याची ओढ तीच, शिकविणारे तेवढे बदललेले. माणसे मात्र त्याला हसून ‘मिठू, मिठू’ म्हणायला लावतात. देशभरातील असंख्य पिंजऱ्यांतून हे एकच नाव ऐकू येते. अर्थ न जाणता, तेच ते घोकण्याचा आरोप मग नेमका कोणावर ठेवावा?